परदेशी माल आणि मोबाईलवरचं दुकान : औशातल्या छोट्या विक्रेत्याने हिशेब कसा जुळवायचा?

औसा : मोबाईलवर दुकान उघडणं आता अवघड राहिलेलं नाही. बांगड्या, मोबाईल कव्हर, खेळणी, मसाले, तूरडाळ असं काहीही घरातून पार्सल करता येतं. अवघड आहे ते टिकणं. कारण आपल्या वस्तूशेजारी तीच वस्तू, तोच फोटो आणि दहा रुपये कमी भाव दिसतो. अशा वेळी भाव पाडण्याआधी पुढच्या गोष्टी तपासलेल्या बऱ्या.

स्वस्त माल येतो कुठून?

२०२० मध्ये केंद्र सरकारने क्लब फॅक्टरी, अलीएक्स्प्रेस यांसारख्या चिनी ॲपवर बंदी घातली. ॲप बंद झाली, पण माल थांबला नाही. चीनमधील यिवूसारख्या घाऊक बाजारातून मोठे आयातदार कंटेनर भरून माल आणतात. तो मुंबई, दिल्लीच्या व्यापाऱ्यांकडून दुसऱ्या-तिसऱ्या हाताने खेड्यापर्यंत पोचतो. आयातदार स्वतःही ऑनलाइन विकू शकतो. त्यामुळे त्याच वस्तूत त्याच्याशी भावाची लढाई केली, तर छोट्याचं भांडवल आधी संपतं.

थेट मागवला तर परवडतो का?

विक्रीसाठी माल आयात करायला आयात-निर्यात कोड लागतो. तो परकीय व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर ५०० रुपयांत मिळतो. खरा खर्च पुढे आहे. समजा, भाडं धरून माल १०० रुपयांचा पडला आणि त्यावर सीमाशुल्क २० टक्के आहे :

- सीमाशुल्क : २० रुपये
- त्यावर १० टक्के अधिभार : २ रुपये
- १२२ रुपयांवर १८ टक्के जीएसटी : सुमारे २२ रुपये

म्हणजे १०० चा माल १४४ ला पडला. बंदराचा खर्च, एजंट आणि औशापर्यंतचं भाडं वेगळंच. जीएसटी क्रमांक असेल तर कराचे २२ रुपये पुढच्या विक्रीत वळते करता येतात. क्रमांक नसेल तर ते खिशातून जातात. यात पॅकिंग आणि परत आलेल्या पार्सलचा खर्च धरल्याशिवाय विक्रीचा भाव ठरवू नये.

जीएसटी नसेल तर?

१ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतल्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवायही ऑनलाइन माल विकता येतो. महाराष्ट्रात मालासाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे. त्यासाठी जीएसटी पोर्टलवरून नावनोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. मात्र ही सवलत राज्यातल्या विक्रीपुरतीच आहे. औशाहून पुण्याला पार्सल चालतं, पण जवळच्या बिदर किंवा हैदराबादच्या गिऱ्हाइकाला नाही.

पाकिटावर काय हवं?

आयात केलेल्या पाकीटबंद मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, वजन किंवा नग, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क असणं बंधनकारक आहे. ऑनलाइन यादीतही मूळ देश दाखवावा लागतो. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. चार्जर, पॉवर बँक यांनाही बीआयएस नोंदणी लागते. चिन्ह नसलेला माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पकडला गेला तर विकणाराही अडचणीत येतो.

आपला माल, आपली ओळख

परदेशी स्पर्धा फक्त खेळण्यांत नाही. म्यानमार, मोझांबिक, मलावी या देशांतूनही तूर भारतात येते. मोझांबिकशी तर २०१६ मध्ये सरकारी करारच झाला. तेव्हा नुसती 'तूरडाळ' म्हणून पाकीट विकलं, तर मुकाबला आयात तुरीच्या भावाशी होतो.

इथे लातूर जिल्ह्याच्या हातात एक गोष्ट आहे. २०२४ मध्ये बोरसुरी तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्ती कोथिंबीर यांना भौगोलिक मानांकन मिळालं. हे नाव बाहेरचा आयातदार वापरू शकत नाही. पण जिल्ह्यातल्या कोणीही ते सरसकट छापायचं नाही. त्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदणी लागते. खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआय नोंदणीही हवी.

पैसे पाठवण्याआधी

- अनोळखी 'फॅक्टरी'ला व्हॉट्सॲपवरून आगाऊ पैसे पाठवू नयेत. आधी नमुना मागवावा.
- पक्कं बिल घ्यावं. बिलाशिवाय माल म्हणजे उद्याची कटकट.
- पहिला माल थोडाच घ्यावा. तो विकून, परतावे वजा करून काय उरलं ते पाहूनच पुढची ऑर्डर द्यावी.
- पार्सल बांधताना आणि परत आलेलं उघडताना व्हिडिओ काढावा. माल बदलून आल्याच्या तक्रारीत तोच पुरावा.
- फसवणूक झाल्यास वेळ न घालवता १९३० वर फोन करावा.

कोणाकडून घेतलं, कितीला पडलं, किती परत आलं हे तीन रकाने वहीत रोज भरले, तर तोटा कुठे होतोय ते महिनाभरात कळतं. भांडवल शिल्लक असतानाच हे कळलेलं बरं.