शब्दवेध : नोकर

सांगली जिल्ह्यातल्या विट्याचा गलाईवाला, म्हणजे सोनं गाळणारा कारागीर, परमुलखात दुकान टाकतो, तेव्हा गावाकडची पोरं हाताखाली घेतो. मूस भट्टीत कशी ठेवायची, सोनं कसं गाळायचं, हे तिथंच शिकून पुढं अनेकांनी स्वतःची दुकानं थाटली. ‘नोकर’ या शब्दाच्या मुळाशीही असंच नातं आहे. फारसीतून आपल्याकडं आलेला हा शब्द मुळात मंगोल ‘नोकोर’, म्हणजे सोबती. चंगीझखानाच्या काळी आपलं कूळ सोडून राजीखुशीनं नेत्याला येऊन मिळणारा, तो नोकोर. जपानीत तर नोकरभरती आणि मंडळात सामील होण्याचं आवतण, दोन्हींना ‘बोश्यू’ हा एकच शब्द चालतो. माणूस कामावर ठेवताना आपण सोबती जोडतो आहोत, हे प्रत्येक मालकानं ध्यानात ठेवावं.