चार अक्षरांचं कुलूप

१९९० च्या सुमारास सेगाच्या जेनेसिस कन्सोलसाठी खेळ विकायचा, तर सेगाचा परवाना लागे. अट अशी, की ॲकोलेडचे सगळे खेळ सेगाच बनवणार. कॅलिफोर्नियातल्या ॲकोलेडला हे पटलं नाही. तिने बाजारातून सेगाचे खेळ विकत घेतले, त्यांतला कोड उलगडला, कन्सोलला काय लागतं ते टिपलं आणि आपले खेळ स्वतः लिहिले. सेगाने नव्या कन्सोलला कुलूप घातलं: खेळात ठरावीक जागी एस, ई, जी, ए ही अक्षरं नसतील, तर तो सुरूच होणार नाही. ॲकोलेडने तीही शोधली.

एप्रिल १९९२ मध्ये खालच्या कोर्टाने ॲकोलेडला मनाई केली. त्याच वर्षी अपील कोर्टाने ती उठवली. कोड उलगडल्याशिवाय जुळणी शक्यच नसेल, तर त्यासाठी केलेली नक्कल हा न्याय्य वापर, असं कोर्टाने म्हटलं.

भारतात १९९९ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये अशी मुभा आली. मात्र सॉफ्टवेअर कायदेशीररीत्या आपल्याकडे हवं, आपला प्रोग्रॅम स्वतंत्र हवा आणि ती माहिती एरवी सहज मिळणारी नसावी. एका कंपनीच्या ॲपमधली तुमची फाइल दुसऱ्या ॲपमध्ये उघडते, त्यामागे अनेकदा हीच मुभा असते.