पाव लिटरचा हिशेब

कांदिवलीला स्लो लोकल पकडता, खिडकी मिळते, डोळा लागतो. जाग येते ती गिरणीच्या भोंग्याने. पाटी एल्फिन्स्टन रोडची, तारीख १६ फेब्रुवारी १९६८. पूल ओलांडून तुम्ही परळला केईएम रुग्णालयापाशी येता. आज इथे डॉ. प्रफुल्लकुमार सेन भारतातलं पहिलं हृदयारोपण करणार आहेत. केपटाउनला बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं, त्याला तीन महिनेही झालेले नाहीत. रुग्ण काही तासच जगणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. गप्प राहा.

त्या दारातून तुम्हाला कोणी आत सोडणार नाही. याच दशकातल्या दुसऱ्या एखाद्या ऑपरेशन थिएटरात चला; कुठल्या ते विचारू नका. समोर ऑपरेशनपुरतं हृदय-फुफ्फुसांचं काम करणारं यंत्र, हार्ट-लंग मशीन: आडवं काचेचं नळकांडं, आत पोलादी चकत्यांची रांग. चकत्या फिरताना रक्तात बुडतात, वर येताना अंगावर रक्ताचा पातळ थर घेऊन येतात आणि त्या थराला प्राणवायू मिळतो. शेजारी रोलर पंप नळी दाबत रक्त पुढे ढकलतोय. वीज गेलीच तर हाताने फिरवायचा दांडा जवळ ठेवलाय. काम झालं की एकेक चकती सुटी करून धुवायची. आणि हे धूड कोरडं चालत नाही, आधी भरावं लागतं, तेही दात्यांच्या ताज्या रक्ताने.

आता आजच्या थिएटरात या. टेबलावर तीन किलोचं तान्हं बाळ. त्याच्या अंगात रक्त जेमतेम पाव लिटर. यंत्रात अर्धा लिटर द्रव मावत असेल, तर बाळाचं रक्त तिप्पट पातळ होणार. नाहीतर परक्याचं मिसळा. खरी लढाई आहे ती या आतल्या जागेशी. म्हणून रक्ताला प्राणवायू देणारा ऑक्सिजनेटर मुठीएवढा, पन्नासेक मिलिलिटरात भरणारा, आत केसासारख्या पोकळ तंतूंचा जुडगा. नळ्या बारीक. पंप टेबलाला खेटून, म्हणजे नळी वीतभर का होईना कमी लागते.

मोठ्यांसाठीही आता बंद सर्किट निघालंय. त्यात शरीरातून आलेलं रक्त साठवणारी उघडी टाकीच नाही, त्यामुळे भरायला द्रव कमी लागतो. पण ती टाकी यंत्र चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्टला अडचणीत काही सेकंदांची सवड द्यायची, शिरलेली हवा वरच्यावर सोडून द्यायची. ती गेली की दोन्ही गेलं. काही सर्जन अजून टाकी सोडत नाहीत. त्यांना जुनाट म्हणायला माझी जीभ रेटत नाही.