स्वादुपिंडाचा जोड आणि त्याची गळती

पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढताना जठरामागे आडवे असलेले स्वादुपिंड आपण एका रेघेत उरकतो. शस्त्रवैद्यांना मात्र या मऊ अवयवाने शंभर वर्षे छळले आहे. त्याच्या शीर्षभागी अर्बुद झाले, तर शीर्ष, आद्यांत्र आणि पित्तनलिकेचा काही भाग एकत्र काढून उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका व जठर आतड्याला पुन्हा जोडावे लागतात.

बर्लिनच्या वॉल्टर काउश यांनी १९०९ साली ही शस्त्रक्रिया दोन टप्प्यांत केली. न्यूयॉर्कच्या ॲलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये ती नव्याने मांडली आणि नाव त्यांचेच चिकटले! काविळीच्या रुग्णाचे रक्त नीट साकळत नसे. के जीवनसत्त्व उपलब्ध झाल्यावर १९४० च्या सुमारास ती एकाच टप्प्यात होऊ लागली. गळती मात्र राहिली.

स्वादुपिंडात ट्रिप्सिन निष्क्रिय रूपात असते. आतड्यातील विकर त्याला जागे करते. जोड सुटला की हे जागे झालेले ट्रिप्सिन शेजारच्या ऊतीच पचवू लागते. धमनीची भिंत झिजली, तर रुग्ण सावरतो आहे असे वाटत असताना, कधी आठवड्यानंतरही, एकाएकी रक्तस्राव होतो. शिवाय मऊ स्वादुपिंडात टाका धरत नाही, दोरा मांस चिरत जातो.

उपाय पुष्कळ निघाले. कोणी स्वादुपिंडाचे टोक आतड्यात खोचले, कोणी नलिकेचे अस्तर आतड्याच्या अस्तराशी बारीक टाक्यांनी जोडले, कोणी जठराला जोडले. श्रेष्ठ कोणते, हे ठरेना. कारण ‘गळती’ प्रत्येक जण वेगळी मोजत होता. २००५ साली आंतरराष्ट्रीय गटाने व्याख्या ठरवली : तिसऱ्या दिवशी वा नंतर पोटातील नळीतून येणाऱ्या द्रवात अमायलेज रक्तातील पातळीच्या तिपटीहून जास्त असणे. २०१६ मध्ये ती सुधारली. रुग्णाला त्रास नसेल, तर नुसत्या आकड्याला गळती म्हणायचे नाही.

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील शैलेश श्रीखंडे व सहकाऱ्यांनी १९९२ ते २०११ मधील ५०० शस्त्रक्रियांचा आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे या कामासाठी खास गट नेमला गेला, वार्षिक संख्या १६ वरून ६० वर गेली आणि निष्पत्ती सुधारली. माझ्या मते टाक्याच्या प्रकाराइतकेच हे महत्त्वाचे आहे. रक्तस्राव झालाच, तर पोट पुन्हा न उघडता रक्तवाहिनीतून नळी नेऊन तो थांबवणारा तज्ज्ञ रात्री दोन वाजताही हाताशी असावा लागतो.