आमच्या विहिरीचं पाणी कुणाचं?

आमच्या विहिरीवर पहिला टँकर लागला तेव्हा मी सातवीत होतो. २००९ सालचा मे महिना. पहाटे पाच वाजता वाडीच्या कडेला गाडी उभी राहिली, मोटर सुरू झाली आणि दहा हजार लिटरची टाकी भरून गाडी नालासोपाऱ्याच्या दिशेने गेली. दिवसाला चार-पाच फेऱ्या व्हायच्या. दिवाळीपर्यंत घरात नवा फ्रीज आला. पुढे माझ्या क्लासची फी आणि इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष त्याच पैशांतून निघालं. आजी मात्र टँकर आला की ओटीवरून आत निघून जायची. "पाणी काय इकायची वस्तू हाय?" एवढंच म्हणायची.

आज मी गोरेगावच्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर लिहितो. वाढीचे आलेख रोज बघतो. जीडीपी वाढला की जीवनमान वाढतं, हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की ते खरं आहे का हे तपासायचं राहून जातं. ते तपासायला मला आमच्या निर्मळइतकी सोयीची जागा दुसरी नाही. गाव लहान आहे. तळं, मंदिर, चर्च, कार्तिकातली यात्रा आणि वाड्या. मुंबईच्या वाढीचा जवळपास प्रत्येक टप्पा मात्र इथल्या मातीत उतरलेला आहे.

सुरुवात लांबून करू. निर्मळपासून जवळच सोपारा आहे, म्हणजे प्राचीन शूर्पारक. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींना सापडला. दुसरा तुकडा १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात मिळाला. ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांच्या लिखाणात सोपाऱ्याचं नाव येतं. एकेकाळी हे पश्चिम किनाऱ्यावरचं मोठं बंदर होतं. मग खाड्या गाळाने भरत गेल्या, व्यापार दुसरीकडे गेला आणि बंदराचं गाव झालं. भरभराट कायमची नसते, याचा पुरावा आमच्या शाळेच्या वाटेवरच होता. आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो.

बंदर गेलं तरी पाणी राहिलं. वसईच्या पश्चिम पट्ट्यात जमिनीखाली गोडं पाणी आहे आणि ते टिकवायची रीतही जुनी आहे. वाडीत एक बावखल असायचं, म्हणजे खणलेला मोठा खड्डा, छोटं तळंच. पावसाळ्यात ते भरायचं, पाणी हळूहळू जमिनीत मुरायचं आणि विहिरींना गोडवा यायचा. विहिरीवर बैलाचा किंवा रेड्याचा रहाट असायचा. पाटाने पाणी केळीला, पानवेलीला, फुलझाडांना जायचं. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी हे आमच्या भागाचं खास उत्पादन.

या मालाला पैसा मिळायला लागला तो रेल्वेमुळे. १८६७ च्या एप्रिलमध्ये विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल सुरू झाली, दिवसाला एक फेरी. १९३६ पर्यंत विजेच्या गाड्या विरारला पोहोचल्या. सकाळी तोडलेली भाजी आणि फुलं त्याच दिवशी मुंबईत विकता येऊ लागली. माझी आजी वीस वर्षं पहाटेच्या गाडीने दादरला जायची. डोक्यावर टोपली, लगेज डब्यात उभ्याने प्रवास, दुपारी घरी परत. आमच्याकडे रोख पैसा आला तो आधी बायकांच्या कमरेच्या पिशवीतून.

इथपर्यंतची गोष्ट वाढीच्या बाजूची आहे. रेल्वे आली, बाजार आला, उत्पन्न वाढलं. पण आजीच्या सासऱ्यांच्या काळातही रेल्वे होती, केळी होती, दादर होतं. तरी घर कुडाचंच होतं. कारण जमीन आमची नव्हती. आम्ही कूळ होतो. पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून जायचा आणि मालकाच्या मनात आलं तर पुढच्या वर्षी जमीन दुसऱ्याला. अशा जमिनीवर कोण पक्की विहीर बांधेल?

१९४८ चा मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आणि त्यानंतरचा १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, या दोन गोष्टींनी हे बदललं. त्या दिवसापासून जमीन कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं जाऊ लागलं. किंमत हप्त्यांनी भरायची होती. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांचं नाव लागलं. मग विहीर पक्की झाली, रहाट जाऊन इंजिन आलं, पुढे विजेची मोटर आली, कुडाच्या जागी विटा आल्या. पीक तेच होतं, गाडीही तीच. फरक पडला कागदावरच्या एका नावाने.

अर्थात कायदा सगळ्यांपर्यंत सारखा पोहोचला नाही. याच वसई तालुक्याच्या पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, आदिवासी कुटुंबं लग्नासाठी घेतलेल्या थोड्या कर्जापायी पिढ्यान्पिढ्या राबत होती. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. पण तालुक्यातल्या दहिसर गावातून तिच्याविरुद्ध संघटित लढा उभा राहिला, श्रमजीवी संघटना स्थापन झाली, ते १९८२ मध्ये. रेल्वे, बाजार आणि मुंबई या लोकांनाही तितकीच जवळ होती. अंतर सारखं असूनही जीवनमान इतकं वेगळं राहू शकतं, हे कुठल्याही सरासरीच्या आकड्यात दिसत नाही.

आता मुंबईकडे वळू, कारण आमच्या गावाचं पुढचं भवितव्य तिथे लिहिलं जात होतं. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरूंना आधार मिळाला, पण भाड्याने द्यायला नवी घरं बांधण्यात कुणाला रस उरला नाही. १९७६ मध्ये नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मुंबईत ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवायची नाही, जास्तीची सरकारने घेऊन गरिबांसाठी घरं बांधायची, असा हेतू होता. प्रत्यक्षात बरीचशी जमीन सवलती आणि कोर्टकज्ज्यांत अडकली. महाराष्ट्रात हा कायदा रद्द व्हायला २००७ उजाडलं. दरम्यान १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते आणि अनेकांची नोकरी कधीच परत आली नाही. परळ-लालबागच्या खोलीत वाढलेल्या मुलांची लग्नं व्हायला लागली तेव्हा त्यांच्या पगारात बसणारं घर मुंबईत नव्हतं. ते विरार आणि नालासोपाऱ्यात होतं.

या लोकांबद्दल आमच्या गावात तुच्छतेने बोललं जातं, ते मला पटत नाही. माझा एक मित्र नालासोपारा पूर्वेला वाढला. त्याचे वडील चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत आठ जणांसोबत राहायचे, संडास सामाईक. नालासोपाऱ्यात त्यांनी वन रूम किचन घेतलं. त्याची आई आजही सांगते, "पहिल्यांदा स्वतःच्या संडासाला कडी लावली तेव्हा रडू आलं." जीवनमान वाढणं म्हणजे काय, ते मला या वाक्यातून जास्त कळलं.

पण त्या संडासात पाणी नव्हतं. २००१ च्या जनगणनेत नालासोपाऱ्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ८४ हजार होती. २०११ मध्ये वसई-विरार महापालिकेच्या हद्दीत १२ लाखांहून जास्त लोक मोजले गेले. शहरी माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी हवं, असं सरकारी मानक आहे. गुणाकार करा: १२ लाख गुणिले १३५, म्हणजे रोज १६ कोटी २० लाख लिटर. आमच्या विहिरीवर येणाऱ्या टँकरच्या हिशेबात रोज १६,२०० फेऱ्या. इमारती आधी उभ्या राहिल्या आणि हा गुणाकार नंतर झाला.

यात एक गोष्ट मला फार उशिरा कळली. वैतरणा नदी आमच्याच तालुक्याच्या उत्तर टोकाला समुद्राला मिळते. तिची उपनदी तानसा १८९२ पासून मुंबईला पाणी पाजते. वैतरणेवरचा मोडक सागर १९५७ पासून आणि मध्य वैतरणा २०१४ पासून त्याच कामाला आहेत. म्हणजे नदीचं पाणी वरच्या वर पाइपातून मुंबईला जातं आणि तिच्या मुखाशी राहणारी, रोज मुंबईला कामाला जाणारी माणसं टँकरची वाट बघतात. मुंबईला पाणी मिळालं कारण तिच्याकडे दीडशे वर्षांपासून महापालिका होती, पैसा होता आणि धरणं मागायची ताकद होती. नालासोपाऱ्याकडे लोक होते, संस्था नव्हती.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असंही नाही. औद्योगिक क्रांतीच्या भरात असलेल्या इंग्लंडमध्ये १८४२ साली एडविन चॅडविकने एक अहवाल मांडला. त्यात मँचेस्टरच्या मजुरांचं मृत्यूचं सरासरी वय १७ होतं आणि ग्रामीण रटलंडच्या मजुरांचं ३८. मँचेस्टरमध्ये मजुरी जास्त होती, पण घाणेरड्या पाण्यामुळे आणि गर्दीमुळे लहान मुलं दगावत होती. तिथलं आयुष्य लांबलं ते पुढच्या काही दशकांत, १८४८ आणि १८७५ चे आरोग्य कायदे आले, नगरपालिकांनी कर्जं काढून नळ आणि गटारं टाकली, त्यानंतर. कारखान्यांनी पैसा निर्माण केला, पण तो गटारात घालायचा निर्णय वेगळा घ्यावा लागला.

आमच्याकडे तो निर्णय कुणी घ्यायचा, यावरच भांडण झालं. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरितपट्टा बांधकामाला खुला होणार असं दिसल्यावर फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि अनेकांनी हरित वसईचं आंदोलन उभारलं. १९९० मध्ये नियोजनाचं काम सिडकोकडे गेलं. ३ जुलै २००९ ला चार नगरपरिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. पश्चिम पट्ट्यातली गावं रस्त्यावर उतरली. महापालिका आली की कर येईल, बिल्डर येईल, वाडी जाईल, ही भीती होती. त्याच वर्षीच्या निवडणुकीत या प्रश्नावर विवेक पंडित वसईतून आमदार झाले. २०११ मध्ये सरकारने २९ गावं वगळायचं ठरवलं, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि २०२४ मध्ये सरकारने तो निर्णयच मागे घेतला.

२००९ च्या त्या मोर्चांना आजी जायची. डोक्याला पदर, हातात फलक, "आमचं गाव आमचं पाणी". आणि त्याच पहाटे आमच्या विहिरीवर टँकर भरलेला असायचा. गाव वाचवायला निघालेली माणसं आणि गाव लिटरवर विकणारी माणसं एकाच घरात जेवत होती. मी दोन्हींचा फायदा घेतला.

नियोजनाशिवायच्या वाढीचा हिशेब पुढे येतच राहिला. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल बंद पडल्या, दिवसेंदिवस वीज नव्हती. पाणी जायच्या वाटांवर इमारती होत्या आणि कितीतरी बावखलं बुजवलेली होती. २०२५ च्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या ४१ बेकायदा इमारती कोर्टाच्या आदेशाने पाडल्या जात होत्या. ती जमीन सांडपाणी प्रकल्प आणि कचरा डेपोसाठी राखीव होती. त्या जागेवर लोकांनी आयुष्यभराची कमाई घालून घरं घेतली होती. माझ्या मित्राची इमारत त्यात नव्हती. त्याने तरीही आपली सगळी कागदपत्रं त्या आठवड्यात पुन्हा काढून तपासली.

आता सूर्या नदीचं पाणी वाढून आलंय. नव्या योजनेतून वसई-विरारला रोज साडेअठरा कोटी लिटरचा वाटा ठरला आणि २०२३ मध्ये ते यायला लागलं. पण ते धरण मुळात डहाणू-पालघरच्या शेतीसाठी होतं आणि तिथले आदिवासी शेतकरी आपलं सिंचनाचं पाणी शहराला जातंय म्हणून विरोध करत आलेत. म्हणजे वैतरणेबाबत मुंबईने आमच्याशी जे केलं, ते आता आम्ही त्यांच्याशी करतोय.

आमच्या विहिरीवर टँकर आता येत नाही. त्याचं श्रेय आमचं नाही. चार वर्षांपूर्वी पाणी मचूळ झालं आणि टँकरवाल्यानेच फोन करून सांगितलं, "काका, गिऱ्हाइक तक्रार करतंय." जमिनीतलं गोडं पाणी उपसलं की समुद्र आत सरकतो, हे बाबांना कुणी सांगायची गरज नव्हती. केळीची पानं कडेने करपायला लागली होती.

उरलेल्या वाडीसाठी गेल्या वर्षी एक मागणी आली. मी एक्सेलमध्ये मांडून बघितलं: मिळणारी रक्कम, व्याज, बाबांचं वय, केळीचं उत्पन्न. प्रत्येक ओळीत विकणंच फायद्याचं निघालं. त्या तक्त्यात बावखलासाठी रकाना नव्हता, कारण ते भरून जे पाणी मुरतं ते शेजारच्या पाच विहिरींना जातं आणि त्याचं बिल कुणी कुणाला लावत नाही. बाबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

मे महिन्यात आम्ही भावंडांनी आणि शेजाऱ्यांनी मिळून बावखलातला गाळ काढला. प्लास्टिक निघालं, तुटलेल्या टाइल्स निघाल्या, खाली रहाटाची एक जुनी घागर सापडली. पावसात ते काठोकाठ भरलं. मी ऑनलाइन एक मीटर मागवलाय, दर रविवारी विहिरीच्या पाण्याचा खारटपणा मोजून लिहून ठेवतो. एका पावसाळ्यात आकडा फारसा हललेला नाही. शेजारच्या काकूंनी मात्र परवा विचारलं, "आमच्या विहिरीचंही मोजशील का रे?" आता वहीत सहा रकाने आहेत.