मदतनीस बाईंची फाइल

१७८९ साली मद्रासच्या एग्मोर भागातल्या लष्करी अनाथाश्रमाची शाळा अँड्र्यू बेल या स्कॉटिश पाद्र्याच्या हाती आली. तिथल्या एका देशी शाळेत त्यानं मुलांना वाळूत बोटानं अक्षरं गिरवताना पाहिलं. आपल्याकडे धूळपाटीवर गिरवत, तसंच. आपल्या शाळेत हे आणायला निघाला, तर पगारी मास्तरांनी नाकं मुरडली. मग बेलनं जॉन फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या पोराला धाकट्यांपुढे बसवलं आणि काम भागलं. १७९७ साली बेलनं लंडनला पुस्तिका छापून हा प्रयोग जाहीर केला. तिकडे जोसेफ लँकेस्टर नावाचा शिक्षकही याच वाटेनं एका मास्तरावर शेकडो पोरं निभावत होता. मोठ्या मुलानं धाकट्यांचा पाढा घ्यायचा, ही पंतोजींच्या शाळेतली रोजची गोष्ट इंग्रजांना ‘पद्धत’ म्हणून भावली. स्वस्तात होत होतं, हे त्यातलं खरं इंगित.

पण अर्धवट शिकलेल्या पोरानं शिकवलेलंही अर्धवटच राहायचं. १८४६ साली इंग्लंडातले सरकारी शिक्षणाधिकारी जेम्स के-शटलवर्थ यांनी त्यावर उपाय काढला तो उमेदवारीचा. तेराव्या वर्षी मुलगा किंवा मुलगी पाच वर्षांच्या करारानं शाळेत लागायची, दिवसा वर्गात शिकवायची आणि शाळेच्या वेळेबाहेर मुख्याध्यापकाकडून स्वतः शिकायची. दरवर्षी सरकारी तपासनीस परीक्षा घ्यायचा. मानधन पहिल्या वर्षी दहा पौंड, वाढत वाढत शेवटी वीस. पुढे शिष्यवृत्ती मिळाली तर अध्यापक विद्यालय. गरिबाघरच्या हुशार पोरीला मोलकरणीच्या कामातून सुटायची ही एक वाट होती. वर्गात उभं राहून कमावलेलं कसब हेच तिचं भांडवल, आणि त्या वाटेचं दुसरं टोक शिक्षकाच्या खुर्चीपर्यंत जात होतं.

विसाव्या शतकात ही उमेदवारी मागे पडली. शिक्षक व्हायचं तर आधी कॉलेज, असा रिवाज झाला. वर्गातलं वरकाम मात्र कुठे गेलं नव्हतं. रंगाच्या वाट्या धुवायच्या, नाकं पुसायची, कोट चढवायचे. ते आता वस्तीतल्या आयांच्या वाट्याला आलं. प्राथमिक शाळांवरच्या १९६७ च्या प्लाउडेन अहवालानं अशा मदतनिसांची शिफारस केली. वॉर्नॉक समितीचा १९७८ चा अहवाल आणि १९८१ चा कायदा यांनी विशेष गरजांच्या मुलांना सामान्य शाळेचं दार उघडलं, तसं त्या मुलांच्या शेजारी बसायलाही माणूस लागू लागलं. १९९३ साली शिक्षणमंत्री जॉन पॅटन यांनी पदवी नसलेल्यांना थोडक्या प्रशिक्षणावर लहानग्यांचे शिक्षक करायची टूम काढली. वर्तमानपत्रांनी तिला ‘आयांची फौज’ म्हणून हिणवलं, शिक्षक संघटना तुटून पडल्या आणि बेत बारगळला. मला त्यात बायकांच्या कामाची हेटाळणीही तितकीच दिसते. मदतनीस म्हणून वर्षानुवर्षं ज्यांचं चाललं, त्यांनी शिक्षक व्हायचं म्हटल्यावर गहजब.

दरम्यान १९८६ साली राष्ट्रीय व्यावसायिक पात्रता, म्हणजे एनव्हीक्यू, आली होती. लेखी परीक्षा नाही. हातातलं काम ठरलेल्या निकषांना उतरतं का, एवढंच बघायचं. शाळेच्या मदतनिसांसाठी तिची दुसरी आणि तिसरी पातळी नव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झाली. तपासनीस बाई वर्गात मागच्या लहान खुर्चीवर येऊन बसायच्या. मदतनीस चार मुलांचा वाचनगट घेतेय, एक जण अडखळतोय, ती लगेच शब्द सांगून मोकळी होते की थांबून त्यालाच जुळवू देते, याची नोंद व्हायची. ती नोंद, वर्गशिक्षकाचा सहीनिशी दाखला, मुलांची नावं खोडलेले कागद, आपण असं का केलं याचं चार ओळींत उत्तर, सगळं एका जाडजूड फाइलीत. एकेका पानावर कुठल्या निकषाचा पुरावा ते आकड्यानं लिहायचं. रात्री मुलं झोपल्यावर स्वयंपाकघरातल्या टेबलावर भरायची ती फाइल. दहा वर्षं अंगवळणी पडलेलं काम तेव्हा पहिल्यांदा कागदावर यायचं. फाइलबाजीचा कंटाळा यायचाच, पण शाळा सुटल्यावर ज्यांचं नाव परीक्षेच्या यादीत कधीच लागलं नव्हतं, अशांना तिनं प्रमाणपत्र दिलं.

२००३ साली सरकार आणि बहुतेक संघटनांमध्ये करार झाला. झेरॉक्स काढणं, पैसे गोळा करणं, भिंती सजवणं ही कामं शिक्षकांच्या डोक्यावरून उतरली, आणि ‘उच्चस्तरीय मदतनीस’ हा नवा दर्जा निघाला. तिनं वर्ग घ्यायचा, पण शिक्षक म्हणवायचं नाही. पगार बहुधा शाळा चालू असेल तेवढ्याच आठवड्यांच्या हिशेबानं. २०११ पर्यंत इंग्लंडात मदतनिसांची संख्या दोन लाखांवर गेली.

त्याआधीच, २००९ मध्ये, पीटर ब्लॅचफर्ड आणि सहकाऱ्यांच्या मोठ्या अभ्यासानं बॉम्ब टाकला: ज्या मुलांना मदतनिसाचा आधार जास्त, त्यांची प्रगती तशाच इतर मुलांपेक्षा कमी. वाचणाऱ्यांनी बायकांवर बोट ठेवलं. अभ्यासाचं बोट मात्र शाळांच्या कारभाराकडे होतं. सर्वांत अडलेलं मूल सर्वांत कमी प्रशिक्षण मिळालेल्या माणसाच्या हवाली करायचं, आणि शिक्षकाशी मदतनिसाचं बोलणं व्हायचं ते तास सुरू होण्याआधी दारात उभ्या उभ्या.

२०१० च्या सुमारास एनव्हीक्यूची जागा नव्या चौकटीतल्या प्रमाणपत्रांनी घेतली, पुढे मदतनिसांसाठी तिसऱ्या पातळीची रीतसर उमेदवारी आली. अखेर २०२४ साली सरकारनं शिक्षक-पदवी उमेदवारी जाहीर केली: शाळेत पगारावर काम करता करता चार वर्षांत पदवी आणि शिक्षकाचा दर्जा, दोन्ही. मदतनिसांनाही ही वाट खुली. पण पहिल्या प्रयोगासाठी सरकारनं पैसे राखून ठेवले ते दीडशे जणांपुरते, आणि तेही माध्यमिक शाळेतल्या गणितासाठी.