दोन वाटांचे वाणिज्य : अमेरिकी कम्युनिटी कॉलेजमधील व्यवसायशिक्षणाचा इतिहास

अमेरिकेत ज्याला कम्युनिटी कॉलेज म्हणतात ते परिसरातील लोकांसाठी सार्वजनिक पैशांवर चालणारे, माध्यमिक शिक्षणानंतरच्या मुख्यतः दोन वर्षांच्या शिक्षणाचे, साधारणपणे कोणालाही प्रवेश देणारे महाविद्यालय असते. हिशेबशास्त्र, व्यवस्थापन, विपणन, कार्यालयीन कामकाज हे तेथील व्यवसायविषय आज सर्वपरिचित असले, तरी या महाविद्यालयांच्या मूळ कल्पनेत त्यांना फारसे स्थान नव्हते. ते तेथे कसे आले आणि आल्यावर कोणता वाद घेऊन आले, हे पाहिल्यास शिक्षण आणि उपजीविका यांच्या नात्याचा एक मोठा इतिहास उलगडतो.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील व्यापाराचे शिक्षण मुख्यतः पेढीवरच, उमेदवारी करून मिळत असे. 1850 च्या दशकात ब्रायंट आणि स्ट्रॅटन यांनी खासगी वाणिज्य विद्यालयांची साखळी उभी केली आणि पेढीवरचे काम वर्गात आणले. अशा विद्यालयांतील विद्यार्थ्याला संस्थेनेच छापलेल्या नोटा भांडवल म्हणून मिळत. त्या नोटांवर तो सहाध्यायांशी मालाची खरेदीविक्री करी, वचनचिठ्ठ्या लिहून देई, वर्गातल्याच बँकेत त्या वटवी, आणि प्रत्येक व्यवहार रोजकीर्दीत टिपून, खतावणीत चढवून, शेवटी नावे व जमा या बाजूंची तेरीज जुळवून दाखवी. 1870 च्या दशकात रेमिंग्टनचे टंकलेखनयंत्र बाजारात आले, त्याला लघुलेखनाची जोड मिळाली आणि कार्यालयांची दारे स्त्रियांना मोठ्या संख्येने खुली झाली. मात्र हे शिक्षण फी भरू शकणाऱ्यांपुरतेच होते आणि त्याच्या प्रमाणपत्रावर विद्यापीठात पुढचे पाऊल टाकता येत नसे.

कम्युनिटी कॉलेजचा उगम याच्या अगदी उलट टोकाला झाला. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे दोन भाग पाडले आणि 1896 पासून पहिल्या दोन वर्षांना 'ज्युनिअर कॉलेज' हे नाव रूढ झाले. त्यांचे स्नेही जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी 1901 मध्ये इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे, माध्यमिक शाळेच्याच आधाराने, सहा विद्यार्थ्यांना घेऊन असे महाविद्यालय सुरू केले; आज चालू असलेल्या सार्वजनिक संस्थांत ते सर्वांत जुने मानले जाते. 1907 मध्ये कॅलिफोर्नियाने माध्यमिक शाळांना असे वर्ग उघडण्याची कायदेशीर मुभा दिली आणि 1910 मध्ये फ्रेझ्नो येथे त्याचा लाभ घेतला गेला. विद्यापीठाची पहिली दोन वर्षे गावातच पूर्ण व्हावीत, हा या सर्व खटाटोपामागचा प्रमुख हेतू होता.

पुढे असे दिसू लागले की प्रवेश घेणाऱ्या अनेकांना विद्यापीठापर्यंत पोचता येत नव्हते. त्यामुळे 1920 मध्ये ज्युनिअर कॉलेजांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाल्यानंतर, वॉल्टर क्रॉस्बी ईल्स यांच्यासारख्या धुरीणांनी 'टर्मिनल' अभ्यासक्रमांचा, म्हणजे दोन वर्षांतच संपून थेट नोकरीकडे नेणाऱ्या शिक्षणाचा, जोरदार पुरस्कार केला. 1929 मध्ये सुरू झालेल्या लॉस एंजेलिस ज्युनिअर कॉलेजात विल्यम स्नायडर यांनी अशा 'अर्धव्यावसायिक' अभ्यासक्रमांना आरंभापासूनच मानाचे स्थान दिले. तरीही बहुसंख्य विद्यार्थी दीर्घकाळ विद्यापीठाकडे नेणारी वाटच निवडत राहिले. त्यांना नोकरी नको होती असे नव्हे. नोकरीसाठी पदवीची आशा सोडून द्यायला ते तयार नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. 1944 च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला. 1947 मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव उचलून धरत अशा संस्थांचे जाळे देशभर पसरवण्याची शिफारस केली. आणि 1963 च्या व्यावसायिक शिक्षण कायद्याने कार्यालयीन कामकाजाच्या शिक्षणासाठीही संघराज्याचा निधी खुला केला. दिवसा काम करून संध्याकाळी वर्गाला येणाऱ्या प्रौढांसाठी हिशेबाचा वर्ग हे महाविद्यालयाचे सर्वांत जवळचे दार ठरले.

मात्र त्या दारातून आत गेल्यावर वाटा फुटत होत्या, आजही फुटतात. ट्रान्स्फर, म्हणजे मिळवलेल्या श्रेयांकांसह विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाणे, ज्याला साधायचे तो वित्तीय हिशेबशास्त्र, अर्थशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकतो. लगेच नोकरी हवी असलेला जमाखर्च, पगारपत्रक आणि व्यापारी पत्रव्यवहार शिकतो. दोघांनाही असोसिएट ही दोन वर्षांची पदवी मिळते, पण दुसऱ्याचे श्रेयांक विद्यापीठ पूर्णपणे स्वीकारीलच अशी खात्री नसते. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी 1960 मध्ये दाखवून दिले की ही महाविद्यालये विद्यार्थ्यांच्या महत्त्वाकांक्षा हळूहळू थंड करण्याचे कामही करतात. 1989 मध्ये स्टीव्हन ब्रिंट आणि जेरोम कॅराबेल यांनी व्यावसायिक अभ्यासक्रमांवरील भरामुळे उच्चशिक्षणाचे स्वप्नच दुसरीकडे वळवले गेले, अशी टीका केली.

महाराष्ट्रातील वाचकाला हा वाद परका वाटू नये. मुंबईत 1913 मध्ये स्थापन झालेल्या सिडनहॅम महाविद्यालयाने वाणिज्याला विद्यापीठीय प्रतिष्ठा दिली, तर नोकरीपुरते शिक्षण गावोगावच्या टंकलेखन-लघुलेखनाच्या वर्गांत मिळत राहिले. या दोहोंना जोडणारा पूल मात्र बांधला गेला नाही. 1995 मध्ये पुदुच्चेरी येथे भारतातील कम्युनिटी कॉलेजच्या प्रयोगाला आरंभ झाला, पुढे विद्यापीठ अनुदान आयोगानेही अशी योजना आखली, आणि 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र व दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडण्याची आणि पुन्हा परतण्याची सोय मांडली. बाहेर पडण्याचे दार उघडणे सोपे असते, हे अमेरिकेच्या शंभर वर्षांच्या अनुभवाने सिद्ध केले आहे. हिशेब शिकलेल्या कारकुनाला दहा वर्षांनी पदवी घ्यावीशी वाटली, तर त्याचे जुने श्रेयांक विद्यापीठाने मान्य केले पाहिजेत. ते होत नाही तोवर ही सोय अपुरीच म्हटली पाहिजे.